आधी ताईची टॅली, मग तुझं उबुंटू

सर, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल्स उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर होतात, घरी विंडोज 11 आहे. घरात लॅपटॉप एकच, तोही ताईने हप्त्यांवर घेतलेला: 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी. ताई त्यावर टॅलीत दोन सूत व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते, त्यांचे जीएसटी रिटर्नही भरते. मला त्याच लॅपटॉपवर उबुंटू टाकायचं आहे. वर्गातला मित्र म्हणतो, पेन ड्राइव्ह घेऊन येतो, अर्ध्या तासात करून देतो. सीनियर म्हणतात, ड्युअल बूटच्या (एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टीम) नादी लागू नकोस, व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) वापर. व्हिडिओत सांगतात, आधी सिक्युअर बूट (मान्य सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा. पप्पा म्हणतात, "बिघडला तर दुसरा येणार नाही." ताई काही बोलत नाही, पण हल्ली लॅपटॉप माझ्या हातात द्यायला कां-कू करते. काय करू? आणि टाकल्यावर नकोसं झालं तर काढता येतं का?
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

आधी ताईची बाजू घेतो. ती कां-कू करते यात काही चुकत नाही. लॅपटॉप बिघडला तर तुझं एक प्रॅक्टिकल बुडेल. तिच्या मात्र दोन व्यापाऱ्यांच्या वह्या बुडतील, आणि त्यांच्यापुढे उभं तिलाच राहावं लागेल. म्हणून या कामाचा क्रम तुझ्या उत्साहाने नाही, तिच्या कॅलेंडरने ठरेल. महिन्याच्या 11 तारखेला विक्रीचं रिटर्न असतं, 20 तारखेला कर भरायचं. त्या आधीच्या दिवसांत लॅपटॉपला हात लावू नकोस. 20 तारीख उलटली, रिटर्न भरून झालं, की पुढच्या शनिवार-रविवारी बस. तिला आधी सांगून बस, ती कामावर गेल्यावर गुपचूप नाही.

तुझा मित्र खोटं बोलत नाही. उबुंटू टाकायला खरोखरच अर्धा तास लागतो. पण त्या अर्ध्या तासाच्या आधी एक अख्खी संध्याकाळ तयारीची असते आणि तिच्याबद्दल व्हिडिओवाले फारसं बोलत नाहीत, कारण ती बघायला कंटाळवाणी असते. माणसांचा डेटा जातो तो बहुतेक वेळा ती संध्याकाळ वाचवल्यामुळे.

त्याआधी सीनियरांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. दुसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला काय लागतं? शेल स्क्रिप्ट, जीसीसी, फोर्क, थ्रेड, सेमाफोर. हे सगळं विंडोजच्या आतच चालणाऱ्या लिनक्सवर होतं. त्याला डब्ल्यूएसएल म्हणतात आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून तो फुकट मिळतो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा खराखुरा कर्नल, म्हणजे गाभा, चालतो, आणि मुख्य म्हणजे डिस्कच्या वाटण्यांना (पार्टिशनना) तो हात लावत नाही. नको झाला तर एखादं ॲप काढावं तसा काढता येतो. व्हर्च्युअलबॉक्ससारखं पूर्ण व्हर्च्युअल मशीन मात्र 8 जीबी रॅममध्ये मी सुचवणार नाही. विंडोज स्वतःच तीन-चार जीबी धरून बसतं, उरलेल्यात उबुंटूचा पूर्ण डेस्कटॉप चालवायचा म्हणजे दोघंही रखडतात.

तेव्हा आजपासून तीन-चार आठवडे डब्ल्यूएसएलवर काम कर. त्यात भागलं तर प्रश्नच मिटला. पण मला अंदाज आहे की तुझं त्यात भागणार नाही. मशीन चालू झालं की पूर्ण लिनक्स, त्याचा डेस्कटॉप, त्याचे ड्रायव्हर, त्याची दुखणी, हे सगळं हातात घेऊन बघायची खाज असते आणि ती चांगली खाज आहे. नुसत्या प्रॅक्टिकलसाठी ड्युअल बूट करू नये. लिनक्स शिकायचं म्हणून जरूर करावं. म्हणून पुढचं सगळं.

तयारीत पहिला बॅकअप, आणि तुझ्या घरी बॅकअप म्हणजे आधी टॅली. लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून पेन ड्राइव्हवर टाकतात आणि निवांत होतात. टॅलीप्राइमचा डेटा या दोन्ही ठिकाणी नसतो. मुळात बदल केला नसेल तर तो सी ड्राइव्हवर यूजर्सच्या आत पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आणि टॅली बसवून देणाऱ्याने कधीतरी भलत्याच जागी हलवलेला असू शकतो. म्हणून शोधत बसू नकोस. ताईला शेजारी बसव, टॅली उघडा, कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाची जागा लिहिलेली दिसते. ती टिपून घे. वरच्या डेटा मेनूत बॅकअपचा पर्याय आहे, तो वापरून दोन्ही कंपन्यांचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. शिवाय ते अख्खं डेटा फोल्डरही कॉपी करून ठेव.

बॅकअप घेतला एवढ्याने तो झाला असं समजू नकोस. तो उघडतो का हे बघितल्यावर झाला. ज्या व्यापाऱ्याचं काम आहे त्याच्या ऑफिसात किंवा ताईच्या एखाद्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर टॅली असेलच. तिथे तो रिस्टोअर करून शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि एखाद्या खात्याची शिल्लक जुळते का बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण यानंतर ताईची कां-कू निम्मी कमी होईल. व्यापाऱ्यांचे आकडे परक्या मशीनवर टाकले तर काम झाल्यावर तिथून पुसायलाही विसरू नका.

वनड्राइव्हवर "सगळं आहेच की" असं वाटू शकतं. फुकटातली जागा 5 जीबी. ती भरली की पुढचं वर चढत नाही, त्याची सूचना एका कोपऱ्यात येते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. शिवाय काही फाइल्स लॅपटॉपवर नुसत्या नावाने दिसतात, खरी फाइल क्लाउडवर असते. तशी फाइल नेट नसताना उघडत नाही. तेव्हा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि काम सुरू करताना ती डिस्क लॅपटॉपपासून काढून कपाटात. लावलेली राहिली तर इन्स्टॉलरच्या यादीत तीही दिसते, आणि चुकून तिच्यावरच उबुंटू टाकणारे महाभाग असतात.

आता खरी मेख. विंडोज 11 असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर सी ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद झालेला असतो. होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रो आवृत्तीत बिटलॉकर. आतलं यंत्र तेच. पहिल्यांदा लॅपटॉप चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की हे कुणाला न विचारता सुरू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. एरवी याचा पत्ताही लागत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम ही चिप रोज गुपचूप कुलूप उघडून देते. पण बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं, सिक्युअर बूट बंद केलं, मशीन सुरू व्हायची वाट बदलली, की चिपला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर विषय संपला. दुकानदार, मायक्रोसॉफ्ट, तुझा तो मित्र, कुणीही तो डेटा उघडू शकत नाही. उघडता येऊ नये म्हणूनच तर ते कुलूप आहे.

व्हिडिओतल्या "आधी सिक्युअर बूट बंद करा" या सल्ल्याचा घोळ इथे आहे. ज्याने किल्ली हाताशी ठेवलेली नाही त्याने तो सल्ला ऐकला, की पुढच्या वेळी विंडोज सुरू करताना थेट तो निळा पडदा.

मग किल्ली कुठे आहे? सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे का आणि चालू आहे का, ते बघ. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर खात्यात लॉगिन करून डिव्हाइसेसखाली रिकव्हरी की शोध. आता मला वाटणारी भीती सांगतो. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने "सेटअप करून देतो" म्हणत कुठलं खातं घातलं होतं? ताईचं रोजचं ईमेल, की तिथेच उघडलेलं आणि पासवर्ड कुणाच्याच लक्षात नसलेलं एखादं खातं? आपल्याकडे हे सर्रास होतं. त्या खात्यात शिरता येत नसेल तर आधी तो पासवर्ड परत मिळवा, किंवा चालू विंडोजमध्ये ताईचं स्वतःचं खातं नीट जोडून घ्या. ते होईपर्यंत पुढचं एकही पाऊल नाही. किल्ली सापडली की कागदावर लिहा, सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. ताई वाचेल, तू लिही, मग उलट ताडून बघा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

किल्ली हाती आल्यावरही माझा सल्ला असा, की कामापुरतं एन्क्रिप्शन पूर्ण बंद कर. त्याच सेटिंगमध्ये बटण आहे. बंद केल्यावर डिस्क उलगडायला वेळ लागतो, कधी तासाच्या वर. चार्जर लावून ठेव आणि पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. उबुंटूचे इन्स्टॉलर कुलूपबंद सी ड्राइव्ह दिसला की बरेचदा अडून बसतात, तीही कटकट यातून वाचते. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर एन्क्रिप्शन परत चालू करायचं आहे, कारण लॅपटॉप एसटीत चोरीला गेला तर दोन व्यापाऱ्यांचे हिशेब चोराच्या हाती जायला नकोत. आणि हे लक्षात ठेव: परत चालू केलं की किल्ली नवीन तयार होते. जुना कागद फाडायचा आणि नवा लिहायचा.

दुसरी एक गोष्ट बंद करायची, ती म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज "शट डाउन" म्हणतं तेव्हा ते पूर्ण बंद होत नाही; स्वतःचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. त्या अवस्थेत उबुंटूने सी ड्राइव्हवर काही लिहिलं तर दोघांच्या समजुतीत फरक पडतो आणि फाइल्स खराब होऊ शकतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवण्याची जागा आहे. त्यात फास्ट स्टार्टअपची खूण काढ. एसएसडीवर दोन-चार सेकंदांचा फरक पडेल, ताईला कळणारही नाही. विंडोजचा मोठा अपडेट आला की ही खूण कधी कधी परत लागलेली आढळते, तेव्हा अधूनमधून बघत जा.

एक रिकामा पेन ड्राइव्ह विंडोजसाठीही ठेव. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवता येतो. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचं लायसन्स बहुधा मदरबोर्डमध्येच कोरलेलं असतं, त्यामुळे पुन्हा टाकायची वेळ आलीच तर आकडे घालावे लागत नाहीत. हा पेन ड्राइव्ह तुला बहुधा लागणार नाही. पप्पांना दाखवायला मात्र नक्की उपयोगी पडेल.

आता जागा. 512 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये 476 जीबीच्या आसपास दिसते, त्यात कुणी तुझी फसवणूक केलेली नाही. मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. उबुंटूला किमान 25 जीबी लागतात, पण तेवढ्यात गुदमरशील. 80 जीबी पुरेसे आहेत. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर आधी तो साफ कर. विंडोजकडे मोकळी जागा भरपूर राहिली पाहिजे, अपडेटना ती लागते. जागा काढायची ती विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तिथे आकडा एमबीमध्ये मागतात, 80 जीबीसाठी 81920 घाल. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीने दिसेल, तिचं काहीही करू नकोस, नवीन ड्राइव्ह बनवू नकोस, तशीच सोड. बाजूला बिननावाचे दोन-तीन छोटे भाग दिसतील, 100 किंवा 260 एमबीचा ईएफआय, शेवटी रिकव्हरी. ते फालतू वाटतात म्हणून पुसणारे लोक मी पाहिले आहेत. लॅपटॉप सुरू होतो तो त्या ईएफआय भागामुळे.

कधी कधी सी ड्राइव्हवर 200 जीबी मोकळे असूनही श्रिंक करताना 20 जीबीच्या वर द्यायला विंडोज तयार होत नाही. मध्येच कुठेतरी न हलवता येणारी फाइल बसलेली असते: पेजिंगची, हायबरनेशनची, सिस्टीम रिस्टोअरची. या गोष्टी तात्पुरत्या बंद करून, रिस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न कर आणि जागा मिळाली की पूर्ववत चालू कर. बाहेरच्या सॉफ्टवेअरने जबरदस्ती करू नकोस. यानंतर विंडोज एकदा पूर्ण रिस्टार्ट कर, टॅली उघडून बघ. सगळं ठीक असेल तर त्या दिवशी तिथेच थांब.

पेन ड्राइव्ह मित्राचा नको. गेल्या वर्षभरात तो कुठल्या कुठल्या लॅबमध्ये फिरलाय आणि त्यावर उबुंटूची कुठली आवृत्ती आहे, ते त्यालाही आठवणार नाही. उबुंटूच्या साइटवरून स्वतः उतरव, आणि नावात एलटीएस असलेलीच घे. ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फाइल 6 जीबीच्या घरात असते, कॉलेजच्या वायफायवर उतरवलीस तर डेटा पॅक वाचेल. साइटवर त्या फाइलचा चेकसम, म्हणजे ती जशीच्या तशी उतरली का हे ताडायचा आकडा, दिलेला असतो, तो जुळवून बघ. अर्धवट उतरलेल्या फाइलने झालेले घोटाळे शोधत बसणं फार वैतागाचं असतं. पेन ड्राइव्ह बनवायला रूफस हे सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यात पार्टिशनची पद्धत जीपीटी निवड. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.

त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केलास की उबुंटू काही न बसवता वापरून बघता येतं. इथे घाई करू नकोस, ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगी सोय आहे. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा उजेड, झाकण लावून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे सगळं तपास. वायफाय लागलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग लाव, ते जवळजवळ नेहमी चालतं. ताईच्या लॅपटॉपवर उबुंटूचं नि आवाजाचं जमत नसेल, तर ते डिस्कला हात लावायच्या आधी कळलेलं बरं.

याच वेळी उबुंटूच्या डिस्क्स नावाच्या ॲपमध्ये आतली एसएसडी दिसते का बघ. काही लॅपटॉपमध्ये बायोसमधलं स्टोरेज इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर असतं आणि उबुंटूला डिस्कच दिसत नाही. व्हिडिओ सांगतात, त्याऐवजी एएचसीआय ही पद्धत करा. तसं सरळ केलंस तर उबुंटूला डिस्क दिसेल, पण विंडोज निळ्या पडद्यावर आदळेल. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यायचं, मग सेफ मोड काढायचा, असा तो क्रम आहे. जमण्यासारखा आहे. पण तुझ्या पहिल्याच वेळी, ताईच्या मशीनवर? इथपर्यंत आलास आणि डिस्क दिसली नाही, तर कॉलेजातल्या लॅब असिस्टंटला शेजारी बसवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, किंवा डब्ल्यूएसएलवर राहा.

सिक्युअर बूट बंद करायची गरज उबुंटूला नाही. उबुंटूच्या बूट फाइलवर मायक्रोसॉफ्टची मान्य सही असते, त्यामुळे ते चालू ठेवूनच सगळं होतं. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याच्या ड्रायव्हरसाठी इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रिस्टार्टला निळ्या चौकटीत एनरोल मॉक असं काहीतरी विचारतो. घाबरून एंटर दाबत सुटू नकोस; एनरोल निवड, तोच पासवर्ड घाल, काम झालं. हुकलंच तर फक्त ड्रायव्हर लागत नाही, बाकी काही जात नाही.

इन्स्टॉलरमध्ये एकच पडदा जीवघेणा आहे. त्यावर साधारण तीन पर्याय येतात: विंडोजच्या शेजारी बसवा, अख्खी डिस्क पुसून बसवा, किंवा स्वतः जागा निवडा. मधल्या पर्यायाचं नाव इरेज डिस्क. काही वेळा तोच आधीपासून निवडलेला असतो आणि रात्री बाराला डोळ्यांवर झोप असताना माणूस पुढे पुढे दाबत जातो. म्हणून हे काम सकाळी कर. शेजारी बसवण्याचा पर्याय निवडल्यावर, आपण सोडलेली मोकळी जागा वापरतोय का सी ड्राइव्ह आणखी लहान करतोय, ते नीट वाच. दुसरं काही दिसलं तर मागे जा आणि स्वतः जागा निवड: मोकळ्या 80 जीबीवर एकच ईएक्सटी4 (लिनक्सच्या पद्धतीचा) भाग, त्याचा माउंट पॉइंट रूट, म्हणजे नुसती / ही खूण. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट वेगळा भाग ठेवा असं जुने लेख सांगतात, ते सोडून दे. उबुंटू आता स्वॅपची फाइल स्वतः बनवतं. ईएफआय भाग आहे तोच वापरला जातो, त्यावर फॉरमॅटची खूण नको. शेवटी काय काय बदलणार याची यादी दाखवली जाते. त्या यादीवरचं बटण दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नसतं, चार्जर काढून उठून गेलास तरी चालेल. यादीचा मोबाइलवर फोटो काढ आणि एनटीएफएस असं नाव असलेल्या, म्हणजे विंडोजच्या, कुठल्याही भागापुढे फॉरमॅट लिहिलेलं नाही, याची खात्री करून मगच दाब.

झालं. आता रिस्टार्ट केल्यावर ग्रब नावाचा काळा मेनू येईल, दहा सेकंद थांबेल आणि काही निवडलं नाही तर उबुंटूत जाईल. बहुतेक लोक हे असंच ठेवतात. तुझ्या घरात ठेवू नकोस. ताई बटण दाबून चहा आणायला जाईल आणि परत येईल तेव्हा समोर अनोळखी पडदा. बायोसमध्ये जाऊन सुरू होण्याच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर ठेव. तिच्यासाठी लॅपटॉप अगदी पूर्वीसारखाच सुरू होईल. उबुंटू तुला हवंय, तर एक बटण तू दाब: एचपीवर एफ9, डेल आणि लेनोव्होवर एफ12, असूसवर एस्केप; एसरवरही एफ12, पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. याचा दुसरा फायदा म्हणजे विंडोज रोज आपल्या जुन्याच वाटेने सुरू होतं, त्यामुळे एन्क्रिप्शन परत चालू केल्यावर किल्ली मागायचे प्रसंगही कमी येतात.

दोन दिवसांनी ताई म्हणेल, घड्याळ चुकतंय. दुपारी चार वाजता लॅपटॉपवर साडेदहा. फरक बरोबर साडेपाच तासांचा, आणि त्यातच उत्तर आहे: लॅपटॉपच्या आतलं घड्याळ विंडोज भारतीय वेळ समजतं, लिनक्स जागतिक वेळ. दोघं आळीपाळीने ते आपापल्या समजुतीने लावतात. उबुंटूमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांग, भांडण मिटतं. रात्री उशिरा काम करणाऱ्या ताईच्या व्हाउचरवर आदल्या दिवसाची तारीख पडण्याआधी हे करून टाक.

सी ड्राइव्हमधल्या फाइल्स उबुंटूतून दिसतील, जोवर एन्क्रिप्शन परत लावलेलं नाही तोवर. वाचायला हरकत नाही. टॅलीच्या फोल्डरमध्ये तिथून काहीही लिहायचं नाही. उलट बाजूने विंडोजला उबुंटूचा भाग वाचता येत नाही, आणि कधी तो भाग "फॉरमॅट करू का" असंही विचारतं. नाही म्हणायचं.

पुढेमागे विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर उबुंटू सुरू होईनासं होऊ शकतं. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटने सिक्युअर बूटचे नियम कडक केले आणि जगभरच्या अनेक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स "काहीतरी गंभीर बिघाड" असा संदेश देऊन थांबलं. डेटा कुणाचा गेला नाही, विंडोज व्यवस्थित चालत होतं. जुन्या बूट फाइल असलेल्यांना फटका बसला. तेव्हा उबुंटूला अपडेट देत राहा आणि तो इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह पुसू नकोस. साधं कारण असेल तर बहुधा बूटचा क्रम बदललेला असतो, बायोसमध्ये बघितलं की उबुंटू तिथेच सापडतं.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सवरचे धडे मराठी आवाजातही आहेत. थोडे संथ आहेत, पण बरोबर हाताने करत जायला ते बरंच पडतं.

आणि नकोसं झालं तर? काढता येतं, फक्त क्रम पाळायचा. लोक विंडोजमध्ये जाऊन आधी उबुंटूचा भाग पुसतात, पुढच्या वेळी ग्रब आपलं घर शोधत काळ्या पडद्यावर अडकतो आणि लॅपटॉप मेला असं वाटतं. तुझ्याकडे विंडोज बूट मॅनेजर आधीपासून वर आहे, त्यामुळे हे होणार नाही, तरी एकदा बायोसमध्ये खात्री कर. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो 80 जीबीचा भाग डिलीट कर, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून एक्स्टेंड व्हॉल्यूम. जागा त्याच्या लगेच उजवीकडे असल्याने सरळ जोडली जाईल. बायोसच्या यादीत उबुंटूचं नाव मागे उरेल. त्याने काही बिघडत नाही, राहू दे.